तीस, पन्नास, वीस

बॅचकाकांच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी असते. लग्नात असते, तेराव्याला असते, दूधाधारी मठात दर्शनाला गेले तरी असते. फक्त तिथे ती झब्ब्याच्या आत जाते. पट्टी निळी, तिच्यावर 'कौशल' हा शब्द दोन-दोन बोटांच्या अंतराने छापलेला, आणि खाली लोंबणाऱ्या कार्डावरचा फोटो इतका जुना की त्यात काकांना भांग पाडता येईल एवढे केस आहेत. अशा पट्टीवाल्यांची आता देशभर एक जमातच झाली आहे. मी जवळून पाहिलेले मात्र हेच, रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. पण यांचं वर्णन केलं की बाकीचे त्यात आलेच, फार तर पट्टीचा रंग बदलेल.

रायपुरातलं प्रत्येक जुनं मराठी घराणं बिंबाजी भोसल्यांबरोबर छत्तीसगडात आलेलं असतं. काकांचंही आलं. बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांच्या मागे किती माणसं होती याची या घराण्यांनी केलेली बेरीज धरली तर नागपुरात मागे कोणी उरलंच नसावं. काकांचे पूर्वज त्या लवाजम्यात नक्की काय करत, हे काका सांगत नाहीत. माझा तर्क असा की हजेरी मांडत असावेत.

त्यांच्या केंद्राची पाटी बघण्यासारखी आहे. एकाच पत्र्यावर थरावर थर चढलेत. पावसाळ्यात 'राजमिस्त्री प्रशिक्षण केंद्र'मधला 'राज' फुगून पोपडा धरतो आणि खालचा 'संगणक' डोकावायला लागतो. त्या संगणकाच्याही खाली, खिळ्याजवळ, 'टंकलेखन : हिंदी, इंग्रजी' अशी अक्षरं आहेत. टंकलेखनाच्या काळात काकांकडे सहा यंत्रं होती आणि त्यातल्या दोन यंत्रांना 'र' नव्हता. संगणकाच्या काळात एकच संगणक होता, खोलीला जांभळे पडदे होते, चपला बाहेर काढाव्या लागत आणि बटण फक्त काका दाबत. मग शिवण आलं, मोबाइल-दुरुस्ती आली, ब्यूटी पार्लर येऊन गेलं. "मी धंदा कधी बदलला नाही," काका म्हणतात. "मी शिकवतो. काय शिकवायचं, ते वरून येतं."

वरून सगळ्यात जोरात आलं ते २०१३ साली. तरुणांना कौशल्य शिकण्याचा कायदेशीर हक्क देणारं छत्तीसगड हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. वय चौदा ते पंचेचाळीस, अर्ज करा, नव्वद दिवसांच्या आत शिकवायची जबाबदारी सरकारची. हा कायदा वाचून डोळ्यांत पाणी आलेला माणूस मी एकच पाहिला. काका मोहल्ल्यात ज्याला-त्याला अडवून म्हणायचे, "अरे, तुझा हक्क आहे, तू मागून का नाही राहिला?" मी पंचेचाळीस ओलांडली त्या दिवशी काकांचा चेहरा जितका उतरला तितका माझ्या बायकोचाही उतरला नाही. एक कँडिडेट कायमचा गेला होता.

दोन वर्षांनी, २०१५ च्या जुलैत, केंद्र सरकारने प्रशिक्षणाचा खर्च ठरवून दिला. बांधकामासारख्या वरच्या वर्गातल्या कामाला दर माणशी दर तासाला साडेअडतीस रुपये. पुढे दर वाढले, पण पहिल्या प्रेमाचा आकडा माणूस विसरत नाही. बॅच तीसची, तीस गुणिले साडेअडतीस म्हणजे अकराशे पंचावन्न. वर्गाच्या दारात उभं राहून काका घड्याळाकडे बघतात तेव्हा त्यांना काटे दिसत नाहीत. कोणी मागच्या बाकावर घोरत असला तरी ते उठवत नाहीत. झोपलेला माणूस उपस्थितच असतो, आणि बाहेर गेलेल्यापेक्षा त्याचा भरवसा जास्त.

मात्र हे पैसे एकदम येत नसत. बॅच सुरू झाली की तीस टक्के, मुलं परीक्षा पास झाली की पन्नास, आणि नोकरीला लागून टिकली की शेवटचे वीस. या तीन आकड्यांनी काकांचा स्वभाव घडवला. ते शिंप्याला कापड दाखवताना तीस टक्के देतात, पँट कमरेला बसली की पन्नास, आणि तीन महिन्यांत शिवण उसवली नाही तर वीस. आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी मागायला गेलो तर वही पुढे ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : मूर्ती बसल्यावर तीस टक्के, आरतीला सत्तर टक्के उपस्थिती असल्यास पन्नास, उरलेले वीस विसर्जनानंतर, बाप्पा पोचल्याचा पुरावा आणल्यास. पुरावा आम्ही अजून आणलेला नाही.

काकांबरोबर नव्या रायपूरला जाणं हा वेगळाच अनुभव. रस्ता रुंद, दोन्हीकडे मोकळं रान, आणि मधूनच अंगावर येणाऱ्या इमारती. मी म्हणतो, "काका, ते बघा महानदी भवन." काका बघतात आणि पुटपुटतात, "एक टक्का." परसद्याचं क्रिकेट स्टेडियम आलं, एक टक्का. दहा मजली सांगाडा दिसला की गाडी हळू करायला लावून मजले मोजतात. हा एक टक्का म्हणजे १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर बसलेला सेस. तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात जमा व्हायचा आणि कामगारांच्या औषधपाण्याला, पोरांच्या शिक्षणाला, पेन्शनला, प्रशिक्षणाला लागायचा, असा हिशेब. स्वतःच्या राहत्या घराला दहा लाखांपर्यंत त्या कायद्यात सूट होती. म्हणून काकांच्या वरच्या मजल्याचं अंदाजपत्रक नऊ लाख नव्वद हजारांवर येऊन थांबलं. तिथून पुढे जो खर्च झाला तो 'देवघर' या खात्यात आहे.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी या सेसवर निकाल दिला, त्यातले आकडे काकांना रामरक्षेसारखे पाठ आहेत. देशभरात जमा झाले ३७,४०० कोटींहून जास्त, खर्च झाले ९,५०० कोटींच्या आसपास. तेही कामगारांच्या भल्यासाठी खर्च झाले असं नुसतं म्हणायचं, असा न्यायालयाचा सूर होता. त्या सुनावण्यांत कुठे लॅपटॉप तर कुठे वॉशिंग मशीन या पैशांतून घेतल्याचं निघालं होतं. ऐकणाऱ्याला चीड यावी. काकांनाही आली. "वॉशिंग मशीन घेतलं तर घेतलं," ते म्हणाले, "पण प्रस्ताव नीट लिहायला काय झालं होतं? 'श्रमिकांसाठी वस्त्र-स्वच्छता कौशल्य प्रयोगशाळा' असं लिहिलं असतं तर कोर्ट काय बोलणार होतं? आपल्याकडे लिहिणारी माणसंच राहिली नाहीत रे."

आता बॅच भरायची कशी, हा प्रश्न. सकाळी सातला गांधी मैदानाच्या चावडीवर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, रेजा-कुली-मिस्त्री ठेकेदारांची वाट बघत बसलेले असतात. बायकांच्या मांडीवर बासीचा, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताचा डबा, वर फडक्यात कांदा. मिस्त्र्यांच्या पिशवीतून थापी आणि ओळंब्याची दोरी बाहेर आलेली. काका तिथे उतरले. गळ्यात पट्टी पाहून गर्दी धावली. "कतका आदमी, साहब?" काका म्हणाले, "तीस." त्या चौकात एका दमात तीस माणसं मागणारा ठेकेदार रोज येत नाही. मिनिटाच्या आत तीस जण टेम्पोत चढले, दोघं-तिघं टपावरही बसले. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, काम काय? काका म्हणाले, शिकायचं आहे. रोजी किती? रोजी नाही. टी-शर्ट मिळेल, पिशवी मिळेल, डायरी मिळेल, शेवटी सर्टिफिकेट. टेम्पो जितक्या वेळात भरला त्याच्या निम्म्या वेळात रिकामा झाला. उतरता उतरता तो म्हातारा काकांकडे मायेने बघून म्हणाला, "डायरी म का लिखबो, साहब?"

माझ्या मते या सगळ्या कारभारावर चावडीतल्या त्या म्हाताऱ्याइतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल आजच्या रोजीवर पेटते, तो दोन महिने बिनरोजीचा बसून वीट कशी धरायची ते शिकणार कसा? काकांच्या त्या मंजुरीत तासाचे पैसे होते, टी-शर्टचे होते, बॅनरचेही होते. बुडालेल्या रोजीचा रकाना नव्हता. मग ज्यांना रोजी बुडण्याची भीती नाही तेच आले : बी.कॉम.ला अडकलेले, लष्करभरतीची वाट बघणारे, एकाला लग्नासाठी 'कुठेतरी जातो' एवढं दाखवायचं होतं. अशा तिसांना काका राजमिस्त्री करायला निघाले.

प्रात्यक्षिकाची भिंत केंद्राच्या मागच्या अंगणात आहे. कमरेएवढी उंच, मातीच्या गाऱ्यात रचलेली, कारण सिमेंट लावलं तर ती पुढच्या बॅचसाठी पाडता यायची नाही. गेली कित्येक वर्षं त्याच विटा उभ्या राहतात आणि आडव्या होतात. अनुभवाचं सर्टिफिकेट द्यायचंच तर आधी त्या विटांना द्यावं. हेल्मेटं बारा, मुलं तीस. त्यामुळे पाहणीचा फोटो तीन हप्त्यांत काढतात. आधी बारा, मग बारा, शेवटी सहा. शेवटच्या फोटोत सहा हेल्मेटं शिल्लक राहतात, ती काका भिंतीवर मांडतात. शोभा येते.

हजेरी अंगठ्याने. आधारशी जोडलेलं मशीन दाराशी, त्यावर अंगठा टेकवला की हिरवा दिवा. बी.कॉम.वाल्यांचे अंगठे लोण्यासारखे. टेकवायच्या आत दिवा लागतो. अडचण आली ती केंद्रात झाडलोट करणाऱ्या आरंगकडच्या बाईंमुळे. या बाई आधी रेजा होत्या, पंधरा वर्षं घमेली वाहिलेल्या. दुपारी मुलं समोसे आणायला गेली की त्या थापी उचलून ती वाकडी भिंत सरळ करून ठेवायच्या. मुलं परत येऊन सेल्फी काढायची. काकांनी एक दिवस खिडकीतून ते पाहिलं आणि तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला. पण मशीन बाईंना ओळखेना. सिमेंटने बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. खोबरेल लावून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, डावा-उजवा सगळी बोटं झाली, दिवा लालच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दारातून बिनबोभाट आत जाणाऱ्या एकाही अंगठ्याने उभ्या जन्मात सिमेंट कालवलेलं नव्हतं. बांधकामाच्या वर्गाला बांधकाम करणारा माणूस येऊ नये याची ती सोय होती, आणि ती कोणी मुद्दाम केलेली नव्हती.

काकांबद्दल एवढं लिहिल्यावर हेही लिहिलं पाहिजे की त्या बाईंसाठी ते भर उन्हात आधार केंद्राच्या रांगेत उभे राहिले, डोळ्यांच्या बुबुळांवर हजेरी घ्यायचं मशीन मिळतं का म्हणून वरच्या कचेऱ्यांत खेटे घातले, आणि शेवटी कुठून कोणाला गाठलं कोण जाणे, बाईंची हजेरी लागायला लागली. "एकतिसावी होती का तिसावी?" मी खवचटपणे विचारलं. काका चिडले नाहीत. "तिसावीच," म्हणाले. "पण बघ न, भिंत तिलाच येऊन राहिली आहे."

याच सुमाराला काकांनी आधीच कामात मुरलेल्यांना तपासून सर्टिफिकेट द्यायची योजना घेतली. यात पास होणाऱ्याला पाचशे रुपये मिळत. काकांनी स्वतःचा वरचा मजला बांधणारा मालद्याचा मिस्त्री धरून आणला. रायपुरात अशा बंगाली टोळ्या पुष्कळ. इकडे महासमुंद-जांजगीरची माणसं कामाला लखनौ, जम्मू, पुणे गाठतात आणि इथल्या भिंतींना मालदा-मुर्शिदाबादची येतात. या दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर काका पट्टी घालून उभे. मिस्त्रीने आधी अंगणातली भिंत पाहिली, एक डोळा मिटून पाहिली, आणि म्हणाला, "दादा, ये दीवार किसने उठाया?" मग पेपर झाला. त्यात प्रश्न होता : उंचीवर काम करताना आपण काय वापरतो? पर्याय चार, त्यात सेफ्टी बेल्ट आणि चप्पल दोन्ही. मिस्त्रीने खरं ते लिहिलं. चप्पल. तो मार्क गेला. अर्धं रायपूर बांधलेला माणूस काठावर सुटला.

आषाढ लागला की काकांचं लक्ष आभाळाकडे. शेतकऱ्याला पाऊस हवा असतो, काकांना तो लांबावा असं वाटतं. कारण पाऊस आला की रोपा, म्हणजे भाताची लावणी, आणि रोपा आला की गावाकडची मुलं गायब. हजेरी सत्तरच्या खाली आणि पन्नास टक्के पाण्यात. "काली रोपा लगाय बर जाबो" एवढंच सांगून पोरं जातात. मग हरेली, पोळा, तीजा. धान कापणीला पुन्हा तेच. बॅच सुरू करायचा मुहूर्त काढताना काका पंचांगापेक्षा हवामान खात्याचं जास्त बघतात. या सणांत एक सरकारी सणही येऊन गेला. २०२२ च्या १ मे रोजी मुख्यमंत्र्यांच्या हाकेवरून सगळं राज्य कामगारांच्या सन्मानार्थ बोरे-बासी खात होतं, साहेबलोक वाडग्यासकट फोटो टाकत होते. काकांनीही केंद्रात बासी ठेवली. भात रात्री भिजवायचा असतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही; सकाळी गरम भातावर बर्फाचं पाणी ओतलं. बाईंनी वाडगं तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं. मुलांनी चाऊमिन मागवलं.

डिसेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान कौशल विकास योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात कुठे नुसती शून्यं, कुठे रकाना कोरा, कुठे अकरा वेळा एक. काकांनी ती बातमी मला वाचून दाखवली आणि वर्तमानपत्र आपटलं. "लाज नाही यांना! नंबर नसेल तर आपला द्यावा माणसाने. मी आपला देतो." ते खरं होतं. ज्या कँडिडेटकडे फोन नाही, किंवा ज्याचं सिम दर महिन्याला बदलतं, त्याच्यापुढे काकांनी घरचा नंबर टाकला होता. तो फोन काकू उचलतात.

आरंगच्या बाईंच्या नावापुढेही तोच नंबर होता. बाई पास झाल्या, टाळ्या वाजल्या, सर्टिफिकेटला प्लास्टिकचं कव्हर मिळालं. पण ठेकेदाराने ते कव्हर उलटसुलट बघून परत दिलं : काम देतो, रोजी मात्र रेजाची, बाईला मिस्त्रीची रोजी आमच्याकडे चालत नाही. शेजारच्या झारखंडात बायकांनी 'रानी मिस्त्री' म्हणून हजारोंनी संडास बांधले, हे काकांनी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मग झारखंडात पाठवा. शेवटचे वीस टक्के अडकण्याची चिन्हं दिसली, तेव्हा काकूंनी तोडगा काढला. देवघराच्या खात्यात पैसे संपल्यामुळे वरच्या मजल्याचा गिलावा कित्येक वर्षं राहिला होता. "तो हिच्याकडून करून घ्या," काकू म्हणाल्या, "आणि मिस्त्रीची रोजी द्या." काकांपुढे इलाज नव्हता.

पडताळणीचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. काकूंनी स्पीकर लावला. पलीकडून एक मुलगी ठरलेले प्रश्न विचारत होती.

"काम लगा है?"

"लगा है," काकू म्हणाल्या. "हमारे ही घर में. ऊपर प्लास्टर चल रहा है."

"पैसा मिल रहा है?"

"तीस परसेंट मिला है."

पलीकडे शांतता. काका हातवारे करून काकूंना थांबवू लागले. काकूंनी हात झटकला. "पन्नास दीवार सीधी आएगी तब मिलेगा बोलते हैं. और बीस तीन महीने बाद, प्लास्टर नहीं गिरा तो."

मुलगी बहुधा पुढच्या प्रश्नाच्या रकान्यावर गेली. प्रशिक्षण कसं वाटलं, एक ते पाचमध्ये नंबर द्या. हा प्रश्न जिचा तिनेच सोडवावा म्हणून काकूंनी जिन्यात जाऊन फोन वर धरला. परांचीवरून बाईंनी थापी न थांबवताच सांगितलं :

"पहिली पइसा देवंय, नंबर पाछू देहूं."